कालवडीला चगळ घालणं थांबवा: चाऱ्यातलं फायबर किती पचतंय ते कसं ओळखायचं आणि कसं वाढवायचं

बऱ्याच गोठ्यांत चारा वाटायचा क्रम ठरलेला असतो. दुभत्या गाईला मक्याची कुट्टी, लसूणघास, पेंड, मग गाभण गाय, मग भाकड, आणि सगळ्यात शेवटी कालवडीपुढं टाकतात ती चगळ, म्हणजे गाईंनी पानं-शेंडे खाऊन सोडलेली जाड जाड धाटं. कालवड ती खाते पण, पोट टम्म दिसतं, मालक निवांत होतो. मग दोन वर्षं झाली तरी माजावर येत नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसतात आणि पोट मात्र खाली लोंबतंय. मग जंताचं औषध, टॉनिक, इंजेक्शन सगळं होतं, पण गव्हाणीत काय पडलंय ते कुणी वाकून बघत नाही.

माझं म्हणणं असं आहे की गोठ्यातला सगळ्यात लवकर पचणारा चारा सगळ्यात लहान जनावराला गेला पाहिजे आणि सगळ्यात कडक चारा बैलाला नि भाकड गाईला. हे करायला फार पैसे लागत नाहीत, आहे तोच चारा वेगळा वाटायचा, वेळेवर कापायचा आणि पचतोय का ते अधूनमधून तपासायचं.

आधी कोठीपोटात काय चालतं ते समजून घ्या

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी शेवटचा, म्हणजे खरं जठर, निम्म्याच्या आसपास असतं, आणि कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पहिला कप्पा, लहान, आतून गुळगुळीत, काही कामाचं नसलेलं. मोठ्या गाईत हे पार उलटं होतं, कोठीपोट आणि जाळीपोट मिळून सगळ्या पोटाचा बहुतेक भाग व्यापतात. हा बदल आपोआप वयाने होत नाही, खाल्ल्याने होतो. खुराक म्हणजे काफ स्टार्टर किंवा भरडा आंबतो तेव्हा त्यातून ब्युटिरिक आणि प्रोपिओनिक आम्ल तयार होतं आणि त्याने कोठीपोटाच्या आतले बारीक केसासारखे अंकुर वाढतात, अन्न शोषून घेतात ते हेच अंकुर. चाऱ्यातल्या फायबरने, म्हणजे तंतुमय भागाने, कोठीपोट मोठं होतं, त्याचे स्नायू कमावले जातात, रवंथ सुरू होतो. म्हणून दोन्ही लागतं. नुसता चारा घातला तर पिशवी मोठी होते पण आतलं अस्तर कच्चं राहतं, डेरपोटी वासरं होतात ती बऱ्याचदा याच कारणाने (जंत हे दुसरं मोठं कारण, ते वेगळं बघायचंच).

फायबर गाय पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात. बॅक्टेरिया, प्रोटोझोआ आणि बुरशीच्या जातीचे जंतू चाऱ्याच्या तुकड्याला चिकटतात आणि सेल्युलोज, हेमिसेल्युलोज हे फायबरचे घटक तोडतात. अडथळा आणतं ते लिग्निन, म्हणजे ज्याच्यामुळे काडीला लाकडासारखा कडकपणा येतो. लिग्निन स्वतः तर पचत नाहीच, वरून आजूबाजूच्या सेल्युलोजला असं घट्ट धरून बसतं की जंतूंना तिथपर्यंत पोचता येत नाही. त्यामुळे दोन चाऱ्यांत फायबर तेवढंच असलं तरी एकातलं निम्म्याहून जास्त पचतं आणि दुसऱ्यातलं शेणात निघून जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. चांगल्या चाऱ्यातलं फायबर तुटायला एक-दोन दिवस लागतात, कडक काडीला त्याहून जास्त. तुकडा पुरेसा बारीक झाल्याशिवाय तो कोठीपोटातून पुढं सरकत नाही, तोवर जागा अडवून बसतो. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर लिटरच्या घरात असतं, तिच्याकडे जागा आहे, चगळ दोन-तीन दिवस पडून राहिली तरी चालतं. पाच-सहा महिन्यांच्या कालवडीकडे जागाच नाही, आणि शरीर वाढायचं असल्याने किलोमागे गरज मात्र जास्त. कडक धाटांनी जागा भरली की ती पुढचं खातच नाही. तिचं पोट भरलंय पण अंगाला काही लागत नाही, असं होतं ते यामुळे.

एक सोपं गणित करा. कालवड रोज २ किलो सुका कडबा खाते असं धरा. कडबा ५५ टक्के पचणारा असेल तर ११०० ग्रॅम अंगी लागला, ४५ टक्के पचणारा असेल तर ९००. रोजचे २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो. वाढीचा फरक इथेच पडतो. आणि व्यापाऱ्यांना हे कळतं बरं का, हैदराबादच्या कडबा बाजारावर इक्रिसॅट आणि इल्री या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, त्यात साधारण ४७ टक्के पचणारा आणि ५२ टक्के पचणारा कडबा यांच्या भावात जवळपास २५ टक्के फरक निघाला. घेणाऱ्याकडे कुठली लॅब नव्हती, हाताने, डोळ्याने, पानांवरून ओळखत होते.

चारा हातात घेऊन ओळखायला शिका

कडबा. पेंढी सोडा आणि पानं किती टिकलीत ते बघा. ज्वारीत पान हे धाटापेक्षा जास्त पचतं, म्हणून पानं झडलेला कडबा म्हणजे निम्मा माल गेलेला. धाट बोटांनी दाबून बघा, थोडा गोडसर रस वाळलेला, आतला गाभा मऊ आणि रंगाला अजून हिरवट झाक असेल तर चांगला. शाळूचा, विशेषतः मालदांडीचा कडबा म्हणून तर सोलापूर-मंगळवेढ्याकडे लोक जपून ठेवतात. खरिपातला पावसात भिजलेला काळपट कडबा कालवडीसाठी घेऊच नका. आणि बुडखा, म्हणजे धाटाचा खालचा वीतभर भाग, सगळ्यात कडक असतो, वर त्याला माती लागलेली, तो तोडून बैलांना टाका.

भाताचा पेंढा. कोकण, मावळ, भंडारा-गोंदियाकडे हाच मुख्य. यात गंमत अशी आहे की इथे पानापेक्षा काडी बरी पचते, कारण भाताच्या पानात सिलिका म्हणजे वाळूचाच अंश भरपूर असतो आणि तो जंतूंना आड येतो. प्रथिनं तीन-चार टक्केच. ऑक्झॅलेटही असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून नुसत्या पेंढ्यावर कालवड वाढवणं जमत नाही, पेंढा भरीला ठेवायचा, मुख्य घालायचं दुसरं काहीतरी.

गव्हाचं काड हे या सगळ्यांत गरीब. त्यात फायबर ७५ टक्क्यांच्या वर आणि प्रथिनं जेमतेम तीन. वर्षाखालच्या कालवडीला देऊ नये असं माझं मत आहे.

सोयाबीनचं भुसकट. मराठवाडा-विदर्भात गंजीच्या गंजी असतात, तिकडे कुटार म्हणतात. यातली शेंगांची टरफलं चांगली, काड्या मात्र अगदी लाकूड. मळणीनंतर भुसकट वाऱ्यावर धरलं किंवा मोठ्या चाळणीतून काढलं तर टरफलं आणि बारीक पानांचा भाग वेगळा होतो, तो कालवडींना आणि काड्या मोठ्यांना असं वाटता येतं. अर्धा दिवस जातो पण वर्षभर फायदा. तुरीच्या, हरभऱ्याच्या भुसकटालाही हाच नियम. भुईमुगाचा पाला मिळत असेल तर तो या सगळ्यांच्या वर, १० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि मऊ, फक्त माती झटकून घ्या.

उसाचं वाढं. गाळप हंगामात नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात दुसरं काही दिसतच नाही. गोड असतं, जनावर आवडीने खातं, पण फायबर कडक आणि ऑक्झॅलेट जास्त, प्रथिनं पाच-सहा टक्के. महिनोन्महिने फक्त वाढ्यावर राहिलेल्या कालवडीची हाडं कमकुवत होतात, वाढ खुंटते. एकूण चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको आणि सोबत खनिज मिश्रण चुकवायचं नाही. उसाचा चोथा, म्हणजे रस काढून उरलेला, हा मात्र कालवडीचा चारा नाहीच.

लसूणघास वेगळ्या जातीतला. यात लिग्निन गवतापेक्षा कमी नसतं उलट जास्तच असतं, तरी तो उत्तम का? कारण एकूण फायबरच कमी, आणि जे आहे ते ठिसूळ, पटकन तुटून पुढं सरकतं आणि जागा मोकळी होते. गवताचं फायबर जास्त प्रमाणात पचतं पण सावकाश. म्हणून छोट्या पोटाला दोन्ही मिळून दिलेलं चांगलं.

कापायची वेळ चुकली की सगळं चुकलं

चाऱ्याची जात कोणती यावर लोक तासन्तास बोलतात, पण कापणी कितव्या दिवशी हे त्याहून मोठं आहे. गवत जसं जून होतं तसं पानांचं प्रमाण कमी, खोडाचं जास्त, प्रथिनं खाली आणि लिग्निन वर. वजन वाढतं म्हणून आपण थांबतो, पण वाढलेलं वजन बहुतेक न पचणारं असतं.

संकरित नेपियर, मग तो यशवंत असो, जयवंत असो, नाहीतर डीएचएन ६, लागवडीनंतर पहिली कापणी ६० ते ७० दिवसांनी आणि पुढच्या ४० ते ५० दिवसांनी. कमरेच्या जरा वर आला की कापा, डोक्याच्या वर जाऊ देऊ नका. ज्यांच्याकडे नेपियर जास्त आहे त्यांनी प्लॉटचे चार-पाच तुकडे पाडा आणि एकेक तुकडा आठ-दहा दिवसांच्या अंतराने कापा, म्हणजे रोज योग्य वयाचा चारा मिळत राहतो, नाहीतर सगळा एकदम जून होतो. फार कोवळा पण नको, त्यात पाणी जास्त आणि ऑक्झॅलेटही जास्त, शेण पातळ होतं.

चाऱ्याची ज्वारी ५० टक्के फुलोऱ्यात. चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या आतली कोवळी ज्वारी, पावसाचा ताण बसून सुकलेली, किंवा कापल्यावर फुटलेले कोवळे पोंगे जनावराला अजिबात घालू नका, त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि जनावर तासाभरात दगावू शकतं. मका मुरघासासाठी दाणा दुधाळ संपून चिकात जायला लागला की, तेव्हा झाडात साधारण ३० ते ३५ टक्के सुका भाग असतो. लसूणघास पहिल्यांदा ५५-६० दिवसांनी, पुढे दर २५-३० दिवसांनी, थोडी फुलं दिसायला लागली की.

डोंगरी गवत, पवना, मारवेल, कुसळी हे फुलोऱ्यात असताना, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर कापून सावलीत पलटत वाळवलं तर चांगली हिरवट वाळकी वैरण होते. दिवाळीनंतर पिवळं पडल्यावर कापलं तर तो नुसता पोट भरायचा माल. कुसळीच्या बाबतीत तर कुसळं पिकायच्या आतच कापा, वासराच्या तोंडात, हिरड्यांत घुसतात आणि मग ते खाणंच सोडतं.

कुट्टी करा, पीठ करू नका

अख्खी पेंढी टाकली तर कालवड पानं ओढते आणि धाटं तुडवते, खूप वाया जातं. कुट्टी केल्याने निवडून खाणं कमी होतं आणि खाण्याचं प्रमाण वाढतं. पण कुट्टीने चारा जास्त पचतो असा समज आहे तो पूर्ण खरा नाही. लिग्निन कापून कमी होत नाही. उलट फार बारीक, पिठासारखं दळलं तर ते कोठीपोटातून भरभर पुढं जातं, जंतूंना वेळ मिळत नाही आणि रवंथ कमी झाल्याने लाळही कमी सुटते. लाळेतला सोडा कोठीपोटातलं आम्ल आटोक्यात ठेवतो, आम्लता वाढून पीएच ६ च्या खाली गेला की फायबर खाणारे जंतू सुस्त पडतात. म्हणून सहा महिन्यांच्या पुढच्या कालवडीला दोन ते तीन सेंटिमीटरची कुट्टी, त्याहून लहान वासराला थोडी बारीक. कडबाकुट्टीच्या मशीनचं पातं बोथट असेल तर धाट कापत नाही, नुसतं चेचतं आणि लांब लांब दोरे राहतात, पात्याला धार लावून घ्या.

याच कारणाने खुराकही एकदम ओतू नका. दोन किलो पेंड-भरडा सकाळी एकाच वेळी घातला की आम्लता वाढते आणि त्या दिवशीचा कडबा कमी पचतो. दोन-तीन वेळा विभागून द्या, आधी थोडा चारा मग खुराक.

जंतूंनाही खायला लागतं

कडब्यात ऊर्जा आहे पण जंतूंना वाढायला नत्र लागतं, ते नसेल तर ते वाढत नाहीत आणि काडी तशीच पडून राहते. एकूण खाण्यात सुक्या वजनावर, म्हणजे पाणी वगळून, ७ टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की फायबर पचणं आणि त्याबरोबर खाणंही घसरतं. वाळक्या चाऱ्यात तीन ते पाच टक्केच असतात, म्हणजे नुसता कडबा घातलेली कालवड या रेषेच्या खाली असणारच. वाढत्या कालवडीला तर १२ ते १४ टक्के लागतात. रोज दोन-तीन किलो लसूणघास, चवळीचा हिरवा चारा, किंवा पाव-अर्धा किलो शेंगदाणा अगर सरकी पेंड वाढवली की तोच कडबा जास्त अंगी लागायला लागतो. सुबाभळीचा पाला, शेवग्याचा पाला, दशरथ घास हेही चालतात, सुबाभूळ मात्र थोडीच.

खनिज मिश्रण २५-३० ग्रॅम आणि मीठ १५-२० ग्रॅम रोज. गंधक, फॉस्फरस, कोबाल्ट हे जंतूंनाही लागतात. आणि पाणी, स्वच्छ, चोवीस तास समोर. हे वासरांच्या बाबतीत हमखास राहून जातं, लोक म्हणतात दूध पितंय की. अहो दूध अन्ननलिकेच्या खाचेतून सरळ जठरात जातं, कोठीपोटात येतच नाही. कोठीपोटातल्या जंतूंना पाणी मिळतं ते वेगळं प्यायलेल्या पाण्यातूनच. पहिल्या आठवड्यापासून बादली ठेवा.

चारा बदलायचा असेल तर १० ते १५ दिवसांत हळूहळू. जंतूंची वस्ती चाऱ्याप्रमाणे बदलते, त्यांना वेळ द्यावा लागतो.

युरिया प्रक्रिया: कशावर करायची आणि कशावर अजिबात नाही

काड, पेंढा, कडबा यांवर युरियाची प्रक्रिया केली की युरियातून अमोनिया सुटतो, तो लिग्निनची पकड सैल करतो, फायबर फुगतं आणि जंतूंना आत शिरता येतं. वर नत्रही वाढतं, प्रथिनांचा आकडा तीन-चारवरून सात-आठपर्यंत जातो.

१०० किलो वाळलेली कुट्टी घ्या. ४ किलो युरिया वजन करून ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, एक खडा राहता कामा नये. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर २५ किलोचा थर, त्यावर साडेबारा लिटर द्रावण झारीने सगळीकडे सारखं शिंपडा, उलटसुलट करा, पायाने दाबून हवा काढा, मग पुढचा थर. शेवटी वरून प्लास्टिक टाकून कडा मातीने बंद करा. २१ दिवस उघडायचं नाही, कडाक्याच्या थंडीत आणखी आठवडा थांबा. उघडल्यावर चारा तपकिरी-पिवळा, मऊ आणि अमोनियाचा झणझणीत वास येणारा असला पाहिजे. काळा पडलेला, बुरशीचा, कुजकट वासाचा भाग फेकून द्या. रोज लागेल तेवढाच काढा, काही तास पसरून वास उडू द्या आणि मगच घाला, सुरुवातीला मूठभर, मग वाढवत.

सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा द्यायचा नाही, त्याच्या कोठीपोटाला अमोनिया वापरता येत नाही. मी तर वर्षाच्या आत टाळाच म्हणतो, त्या वयात चांगला हिरवा चारा आणि पेंड हाच मार्ग. उपाशी किंवा आजारी जनावराला नाही. युरियाचं पाणी बादलीत सोडून जाऊ नका, गाय प्यायली तर जागेवर जाते. पोट फुगणं, लाळ गळणं, थरथर, तोल जाणं दिसलं तर लगेच डॉक्टरला फोन, तोवर शुद्धीवर असेल, गिळत असेल तर थंड पाण्यात व्हिनेगर सावकाश पाजतात.

आणि दोन गोष्टी ज्या फार कमी ठिकाणी सांगितल्या जातात. सोयाबीनच्या भुसकटावर युरिया नको. एक तर शेंगवर्गीय काडीवर त्याचा फायदा कमी, दुसरं म्हणजे त्यात फुटके कच्चे दाणे राहतात आणि कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचा झपाट्याने अमोनिया करणारं एन्झाइम असतं, दोन्ही पोटात एकत्र आले की विषबाधा. म्हणून युरियाचा चारा चालू असताना कच्चं सोयाबीनही खुराकात नको. दुसरं, या बंद ढिगात गूळ, काकवी घालू नका आणि हिरवा किंवा साखर जास्त असलेला चारा घालू नका. साखर आणि अमोनिया यांच्यातून एक विषारी संयुग तयार होऊ शकतं, जनावर बेभान होऊन पळतं, धडका मारतं, आणि ते दुधातून पिणाऱ्या वासरालाही बाधतं. गूळ-युरिया शिंपडून लगेच खाऊ घालायची जी पद्धत आहे ती वेगळी, त्यात युरिया बराच कमी असतो, दोन्हीची सरमिसळ करू नका.

वयाप्रमाणे काय घालायचं

पहिले तीन महिने मुख्य म्हणजे दूध आणि काफ स्टार्टर, दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर ठेवायला लागा. चारा म्हणून लसूणघासाचा सावलीत वाळवलेला पाला, चिमूटभर म्हटलं तरी चालेल इतकाच, आवडीने खाईल तेवढा. ओल्या गवताचे भारे टाकू नका, त्यात ८० टक्के पाणी, छोटं पोट पाण्यानेच भरतं. सलग तीन दिवस रोज एक किलो स्टार्टर खायला लागलं की दूध बंद करायला हरकत नाही.

तीन ते सहा महिने, कोवळा नेपियर, मक्याची कुट्टी, लसूणघास आणि एक-दीड किलो खुराक. कडबा दिलाच तर पानं. चगळ तर नावालाही नको.

सहा महिन्यांनंतर कडब्याची कुट्टी सुरू करता येते, सुक्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत. वर्षानंतर कोठीपोट बऱ्यापैकी तयार असतं, तेव्हा प्रथिनांची सोय असेल तर वाळका चारा ४० टक्क्यांपर्यंत नेला तरी चालतो, आणि इथून पुढे युरियाचा चाराही उपयोगी पडतो, खर्च खूप वाचतो.

मुरघास सहा महिन्यांनंतर, थोडा थोडा, आणि फक्त चांगल्या वासाचा. बुरशी लागलेला चारा, मग तो मुरघास असो, पेंढा असो की कडबा, कुठल्याच वयात नको.

एक हिशोब करून बघू

वजनकाटा नसेल तर टेपने. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या सांध्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं वजन किलोत. घेर ५२, लांबी ४६ असेल तर वजन साधारण १८८ किलो. सोयीसाठी १९० धरू.

वाढत्या कालवडीला वजनाच्या अडीच टक्के सुकं खाणं (पाणी वगळून), म्हणजे ४.८ किलो. नेपियर १० किलो घातला तर त्यात सुकं २ किलो. लसूणघास ३ किलो, सुकं ६०० ग्रॅम. कडबा कुट्टी १२०० ग्रॅम, सुकं ११००. २० टक्के प्रथिनांचा खुराक १२०० ग्रॅम, सुकं ११००. बेरीज ४.८. प्रथिनं बघा, नेपियरची १८०, लसूणघासाची ११५, कडब्याची ४५, खुराकाची २४० ग्रॅम, म्हणजे ५८० च्या आसपास, १२ टक्के. जमलं. आता यातला लसूणघास काढून त्या जागी कडबा टाका आणि पुन्हा मांडा, दहाच्या जरा वर येतो, म्हणजे खुराक वाढवल्याशिवाय भागत नाही. संकरित कालवडीने रोज ५०० ते ६०० ग्रॅम वाढावं आणि अडीचशे किलो पार केल्यावर पहिलं रेतन व्हावं असं धरलं तर हे आकडे सांभाळावेच लागतात. खिल्लार, देवणीला वाढीचा वेग कमी असतो, त्यांना हीच फूटपट्टी लावू नका.

पचतंय का ते तपासा

रवंथ. चारा खाऊन दीड-दोन तास झाले की गोठ्यात उभे राहून बघा, बसलेल्या कालवडींपैकी निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. एका घासाला पन्नास-साठ वेळा चावणं हे चांगलं लक्षण. तीस-पस्तीसवर गिळत असेल तर चाऱ्यात चावण्यासारखं फायबर कमी आहे किंवा कुट्टी फार बारीक झालीय.

शेण. ताठ, थरांवर थर, कोरडं असेल तर प्रथिनं किंवा पाणी कमी. पातळ आणि फेसाळ असेल तर खुराक जास्त किंवा चारा फार कोवळा. मग शेण धुवा. तीन-चार कालवडींचं ताजं शेण मूठ-मूठभर घ्या, दीड-दोन मिलिमीटर भोकांच्या चाळणीत टाकून हलक्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि राहिलेला चोथा हातात पिळा. बोटाच्या पेराएवढे लांब दोरे, काड्यांचे न फुटलेले तुकडे बरेच दिसले तर फायबर न पचता पळतंय. अख्खे मक्याचे दाणे दिसले तर भरडा जाडा आहे. दर महिन्याला एकदा करा आणि चोथ्याचा फोटो काढून ठेवा, दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

ज्यांना खरा आकडा काढायचाय त्यांच्यासाठी सात दिवसांची चाचणी, कृषी विद्यापीठात करतात त्याचीच घरगुती आवृत्ती. एक कालवड वेगळी, सिमेंटच्या जागेवर बांधा. एकच ठरलेला चारा १५ दिवस खाऊ घाला म्हणजे पोटात आधीचं काही राहत नाही. मग सात दिवस, घातलेला चारा वजन करा, उरलेला वजन करून वजा करा, आणि पडलेलं सगळं शेण गोळा करून वजन करा, लघवी मिसळू न देता. रोज चाऱ्याचा, उरलेल्याचा आणि शेणाचा अर्धा-अर्धा किलो नमुना पातळ पसरून वजन बदलायचं थांबेपर्यंत उन्हात वाळवा, त्यावरून सुकं वजन काढा. समजा रोज सुकं ४.८ किलो खाल्लं, आणि शेण ११ किलो पडलं ज्यात सुकं १८ टक्के, म्हणजे जवळपास २ किलो. पचलं २.८, भागिले ४.८, सुमारे ५८ टक्के. उन्हात वाळवल्याने थोडं पाणी दोन्हीकडे राहतं पण दोन चाऱ्यांची तुलना करायला एवढं पुरतं. नेपियर ४५ दिवसांचा आणि ७५ दिवसांचा असे दोन वेळा करून बघा, मग कापणी लांबवायची इच्छाच होणार नाही.

लॅबमध्ये नमुना द्यायचा तर गंजीच्या दहा-बारा ठिकाणचा, आतला-बाहेरचा मिसळून द्या आणि एनडीएफ (सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन मिळून एकूण फायबर), एडीएफ (त्यातून हेमिसेल्युलोज वगळून उरलेला कडक भाग) आणि लिग्निन मागा. जुन्या पद्धतीचं क्रूड फायबर, जे खुराकाच्या पोत्यावर छापलेलं असतं, त्यावर चाऱ्याची पारख करू नका, त्या तपासणीत लिग्निनचा आणि हेमिसेल्युलोजचा बराच भाग विरघळून निसटतो. ही अडचण ओळखून अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात एनडीएफ-एडीएफची पद्धत बसवली. एडीएफ मिळाला की ८८.९ मधून एडीएफची ०.७७९ पट वजा करा, पचणाऱ्या भागाचा अंदाज येतो. एडीएफ ४२ असेल तर ५६ टक्के, ५० असेल तर ५०. सूत्र परदेशी चाऱ्यावरून बसवलेलं आहे म्हणून आकडा काटेकोर धरू नका, पण दोन व्यापाऱ्यांचा कडबा समोर असेल तर कुठला घ्यायचा हे ठरवायला भरपूर मदत होते, आणि कालवडींसाठी वेगळी गंजी लावायची तर त्याच ढिगाची लावा.